शून्य रक्तदाबाची जिवंत बाई

हेल्थ इन्फर्मॅटिक्सच्या, म्हणजे रुग्णांच्या नोंदी संगणकावर नीट ठेवण्याच्या आणि वापरण्याच्या शास्त्राच्या, पदव्युत्तर प्रबंधांत ‘मधुमेहाचं भाकीत करणारं मॉडेल’ हा विषय सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखा ठरलेला असतो. त्यासाठी वापरायची माहितीही बहुतेकदा ठरलेलीच असते, ती म्हणजे इंटरनेटवर फुकट मिळणारा ‘पिमा’ डेटासेट. त्यात ७६८ ओळी आहेत. एकेक ओळ म्हणजे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ राहणाऱ्या पिमा या मूलनिवासी समाजातली एकेक बाई, वय २१ किंवा त्याहून जास्त. या ७६८ जणींपैकी ३५ जणींचा खालचा रक्तदाब शून्य नोंदलेला आहे. ११ जणींचा बीएमआय शून्य, ५ जणींची साखर शून्य आणि ३७४ जणींचं इन्शुलिन शून्य.

वॉर्डात महिनाभर ड्युटी केलेली कोणतीही सिस्टर ही यादी पाहून म्हणेल की हे मोजलेलंच नाही, रिकाम्या जागी कुणीतरी शून्य भरलंय. (महाधमनीची झडप फारच गळत असेल तर रक्तदाब मोजताना आवाज शून्यापर्यंत ऐकू येतो, हे खरं, पण ३५ जणींचा नाही.) प्रबंधात मात्र ही शून्यं अनेकदा तशीच सरासरीत मिसळतात, मॉडेल त्यांच्यावर शिकतं, आणि शेवटच्या प्रकरणात अचूकतेची टक्केवारी ठळक अक्षरांत छापली जाते. पुण्यात बसून, अ‍ॅरिझोनाच्या बायकांवर, न मोजलेल्या रक्तदाबाच्या आधारे. ससून किंवा औंधच्या बाह्यरुग्ण विभागात समोर बसलेल्या माणसाशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

दोष विद्यार्थ्यांना देऊन भागणार नाही. त्यांना दवाखान्याच्या दारात कुणी उभंच केलेलं नसतं. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. हेल्थ इन्फर्मॅटिक्सच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याचं एक पूर्ण सत्र जिल्हा रुग्णालयात, केसपेपरच्या खिडकीपासून रेकॉर्ड रूमपर्यंत, सक्तीचं करावं. आणि तिथे शिकलेल्याला तिथेच काम मिळावं म्हणून राज्याने जिल्हा रुग्णालयांत या विषयाचं नियमित, मंजूर पद निर्माण करावं. एक केलं आणि दुसरं राहिलं तर दोन्ही वाया जातील.

सत्रभर तिथे करायचं काय? प्रयोगशाळेच्या तपासण्यांची यादी घ्या. मध्यम आकाराच्या रुग्णालयात अशा दोन-अडीचशे नोंदी सापडतात. त्यात ‘बीएसएल-आर’, ‘रँडम शुगर’, ‘आरबीएस’ आणि नुसतंच ‘शुगर’ अशा चार नोंदी शेजारी शेजारी असू शकतात. चारही एकच असतील, किंवा नसतीलही. हे यादी वाचून कळत नाही. प्रयोगशाळेत जाऊन तंत्रज्ञांना विचारावं लागतं.

जगभर तपासण्यांना लॉइंक ही सांकेतिक क्रमांकाची पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक तपासणी सहा अंगांनी बघतात: काय मोजलं, कोणत्या स्वरूपात मोजलं, कोणत्या वेळेचं, कशातून, उत्तर आकड्यात की शब्दांत, आणि गरज असेल तर कोणत्या पद्धतीने. रक्तद्रव किंवा रक्तरसातली ग्लुकोज, वेळेची अट नाही: २३४५-७. उपाशीपोटी: १५५८-६. जेवणानंतर दोन तासांनी: १५२१-४. आणि वॉर्डात बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेली: ४१६५३-७. रुग्णाच्या दृष्टीने चारही ‘शुगर’च. पण उपाशीपोटीची १४० आणि जेवणानंतरची १४० यांचे अर्थ वेगळे आहेत, हे घराघरात ठाऊक आहे. यादी जोडणाऱ्याने चारही नोंदी २३४५-७ला बांधल्या, तर पुढच्या पाच वर्षांच्या माहितीतून तो फरक कायमचा पुसला जातो. सर्व्हर कितीही महागडा आणला तरी तो परत येत नाही.

एककांचा घोळ याहून वाईट. प्लेटलेट आपल्याकडे ‘दीड लाख’ अशा लिहितात, म्हणून एका यंत्राचं उत्तर १.५ असं येतं. शेजारच्या यंत्राचं १५० येतं, कारण ते हजारांत मोजतं. तिसरीकडे हाताने १,५०,००० लिहिलेलं असतं. तिन्ही एकाच स्तंभात पडले की डेंग्यूच्या हंगामात संगणक १.५ला दीड हजार समजून धोक्याची घंटा वाजवत बसतो. चार दिवसांत डॉक्टर ती घंटा बंद करून टाकतात, आणि पाचव्या दिवशी खरोखर पंधरा हजारांचा रुग्ण येतो तेव्हा ती वाजत नाही.

हे काम करण्याची रीत साधी आहे, पण कंटाळवाणी. आधी यादी उतरवून घ्यायची आणि प्रत्येक नोंदीपुढे नमुना, पद्धत, एकक, वेळ आणि मागच्या महिन्यातली खरी दहा उत्तरं लिहायची. उत्तरं बघितल्याशिवाय एककावर विश्वास ठेवायचा नाही. मग दोघांनी एकमेकांचं न बघता क्रमांक लावायचे. दोघांचं किती जुळलं ते कोहेनच्या कप्पा गुणांकाने मोजायचं, आणि जिथे जुळलं नाही तिथे पॅथॉलॉजिस्टचा शब्द अखेरचा. सुरुवातीला दिवसाला वीस-पंचवीस नोंदींच्या पुढे गाडी सरकत नाही. दोघांपैकी एक बीएएमएस, नर्सिंग किंवा फार्मसीचा आणि दुसरा बीई किंवा बीएस्सी आयटीचा असेल तर उत्तम. या अभ्यासक्रमांच्या वर्गात हे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतातच, फक्त दोन वर्षं ते वेगवेगळ्या बाकांवर बसतात. वैद्यकवाल्यांना पायथन ही संगणकभाषा थोडीथोडी, संगणकवाल्यांना शरीररचना थोडीथोडी, असं दोघांनाही पाजलं जातं आणि कुणाचंच पोट भरत नाही.

आता केसपेपरची खिडकी. सकाळी नऊची रांग, खिडकीआड एक ऑपरेटर, एका माणसाला मिळतो जेमतेम एक मिनिट. पहिल्यांदा येताना ‘लक्ष्मण’ रोमन लिपीत एका तऱ्हेने टंकला जातो, दुसऱ्यांदा ‘क्ष’साठी एक्स हे अक्षर येतं, तिसऱ्यांदा शेवटचा ‘ए’ गळतो. बाईचं मधलं नाव आणि आडनाव लग्नानंतर बदलतं, काही घरांत पहिलंही. मोबाइल क्रमांक मुलाचा, आणि मुलगा तोच क्रमांक वडिलांनाही देतो. जन्मतारीख विचारली तर एक जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ही तारीख महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या कागदपत्रांवर आहे.

एकाच माणसाच्या दोन नोंदी शोधण्याचं शास्त्र आहे. फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ साली त्याची गणिती मांडणी केली. दोन नोंदींतली एखादी गोष्ट जुळली तर ती योगायोगाने जुळण्याची शक्यता जितकी कमी, तितकं तिला वजन जास्त. पाठ्यपुस्तकात जन्मतारखेला भरपूर वजन असतं, कारण वर्षाचे दिवस ३६५. आपल्याकडे एक जूनला तेच वजन दिलं तर गावातले दोन वेगळे ‘संजय पाटील’ संगणक एक करून टाकेल आणि एकाची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या कागदावर जाईल. त्यातही वाईट म्हणजे ज्याला अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या कागदावरून ती गायब झालेली असू शकेल. म्हणून तारखेचं वजन तारखेनुसार बदलावं लागतं. एक जूनला आणि एक जानेवारीला अगदी कमी, १७ ऑगस्टला पूर्ण. एक जूनची ही खोड परदेशी पुस्तकात सापडणार नाही. त्या खिडकीमागे दोन दिवस बसलेल्याला सांगावं लागणार नाही.

कुणी म्हणेल, आता आभा हा प्रत्येकाचा आरोग्य-ओळख क्रमांक आला, हा प्रश्न मिटला. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली, आणि २७ सप्टेंबर २०२१ला ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर सुरू झालं. चौदा आकडी आभा, डॉक्टरांची नोंदवही, दवाखान्यांची नोंदवही, रुग्णाच्या संमतीने नोंदी इकडून तिकडे जाण्याची सोय: आराखडा चांगला आहे, हे मोकळेपणी मान्य केलं पाहिजे. एखाद्या सॉफ्टवेअरला यात सामील व्हायचं तर तीन टप्पे असतात. पहिल्यात आभा काढणं आणि पडताळणं, दुसऱ्यात आपल्याकडच्या नोंदी जोडून इतरांना उपलब्ध करणं, तिसऱ्यात संमती घेऊन इतरांच्या नोंदी बघणं. नोंदींचा साचा फायर या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेला आहे. भारतापुरते त्याचे नमुने नॅशनल रिसोर्स सेंटर फॉर ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) स्टँडर्ड्स प्रसिद्ध करतं, आणि ते केंद्र आहे पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची प्रचंड शब्दसूची वापरायला भारतात पैसे पडत नाहीत, कारण देश २०१४पासून तिचा सदस्य आहे. म्हणजे सामग्री सगळी हाताशी आहे.

मेख दुसऱ्या टप्प्यात आहे. डिस्चार्ज कार्डाची पीडीएफ फायरच्या पाकिटात घालून पाठवायला परवानगी आहे. सुरुवातीला ती सवलत हवीच होती, नाहीतर कुणी आलंच नसतं. पण पाकीट प्रमाणित आणि आतला मजकूर संगणकाला न वाचता येणारा, अशी नोंदसुद्धा ‘जोडलेली नोंद’ म्हणूनच मोजली जाते. त्यात केंद्राच्या २०२३पासूनच्या प्रोत्साहन योजनेत रुग्णालयांना ठरावीक पायरीच्या वरच्या प्रत्येक नोंदीमागे २० रुपये ठरवले गेले. पैसे नोंदींच्या संख्येवर, आतल्या मजकुरावर नाहीत. मग रुग्णालय काय करेल? जे तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. पाकिटं भरत राहील. एचबीए१सीचं (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचं) उत्तर स्वतंत्र आकडा म्हणून, लॉइंक क्रमांकासह आणि एककासह पाठवणाऱ्या नोंदीला वाढीव दर आणि नुसत्या पीडीएफला कमी, एवढा बदल जरी केला तरी यादी जोडणाऱ्या माणसाची किंमत रुग्णालयाच्या हिशेबात दिसू लागेल.

तो माणूस आज कुठे आहे? बहुधा रात्रपाळीत अमेरिकेच्या बिलांचं कोडिंग करतोय, म्हणजे आजारांना ठरावीक संकेत लावतोय. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी करून या क्षेत्राकडे वळलेल्यांसाठी पुण्या-मुंबईत तीच दारं उघडी असतात: मेडिकल कोडिंग, विम्याच्या दाव्यांची छाननी, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी. ही कामं हलकी नाहीत. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या सूचीत सुमारे ७० हजार संकेत आहेत, आणि ते अचूक लावणं हे कसब आहे. पण ते कसब तिथल्या विमा कंपनीने पैसे द्यावेत म्हणून घडवलेलं असतं. तपासणीची यादी बांधणं, नोंदींचा साचा ठरवणं, चूक कुठे शिरते ते शोधणं, यातलं काही त्यात येत नाही. पदवी इन्फर्मॅटिक्सची आणि नोकरी कोडिंगची, असं असताना महाविद्यालयांची माहितीपत्रकं दोन्हींना एकच ‘प्लेसमेंट’ म्हणून मोजतात. प्रवेश घेण्याआधी मागच्या तुकडीतल्या पाच जणांना फोन करून एकच विचारावं: दिवसभरात तुमच्यासमोर कोणता पडदा उघडा असतो?

अमेरिकेत एमएस करायला जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी, कारण सल्लागार त्या सांगत नाहीत. एक, अभ्यासक्रमाच्या नावात काय आहे याला महत्त्व नाही. व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदावर छापलेला विषयसंकेत तिथल्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे की नाही ते बघा. असेल तर शिक्षणानंतर कामाचे १२ महिने अधिक २४ महिने मिळू शकतात, नसेल तर १२. दुसरी, ‘एपिक’ या तिथल्या मोठ्या रुग्णालयीन प्रणालीचं प्रमाणपत्र स्वतःच्या पैशाने बाहेरून घेता येत नाही. एखाद्या रुग्णालयाने पुढे केलं तरच मिळतं, आणि नोकरीच्या जाहिरातीत मात्र तेच मागितलेलं असतं. तिकडे क्लिनिकल इन्फर्मॅटिक्सला डॉक्टरांची उपविशेषता म्हणून २०११मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे असं काही नसल्यामुळे या विषयात रमलेला एमडीसुद्धा कागदोपत्री ‘हौशी’च राहतो.

म्हणून पदाचा आग्रह. आज जिल्ह्याच्या पातळीवर आकड्यांचं काम कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर आणि डेटा मॅनेजर ओढतात. त्यांच्याकडे पोर्टलं डझनभर, आणि प्रत्येकाची अंतिम तारीख वेगळी. त्यांच्या कामाला नावं ठेवणं सोपं आहे, त्यांच्या खुर्चीत बसणं अवघड. पण चुकीची नोंद परत पाठवण्याचा अधिकार त्यांना नाही. डॉक्टरांना ‘साहेब, हे असं चालणार नाही’ म्हणू शकेल असं पद हवं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या थेट हाताखाली.

त्या पदाने काय करायचं याचा एक नमुना मृत्यूच्या दाखल्याचा. रुग्णालयात मृत्यू झाला की नमुना ४मध्ये कारण लिहायचं असतं: शेवटी काय झालं, ते कशामुळे, आणि त्याच्या मुळाशी काय. हजारो दाखल्यांवर पहिल्या ओळीत ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून खालच्या ओळी रिकाम्या सोडलेल्या असतात. हृदय आणि श्वास थांबणं म्हणजेच मरण. ते मरणाचं कारण नव्हे. मुळाशी क्षय होता की मधुमेह की सर्पदंश, हे त्या ओळीसोबत पुरलं जातं आणि जिल्ह्याचं आरोग्याचं नियोजन अंदाजावर चालतं. असे दाखले चोवीस तासांच्या आत संबंधित डॉक्टरांकडे परत पाठवणारा एक माणूस बसला, तर कोणतंही नवीन सॉफ्टवेअर न घेता हे सुधारतं. उशीर झाला की मात्र जमत नाही. निवासी डॉक्टरांची पाळी बदलते आणि रुग्ण कुणाला आठवत नाही.

त्याच माणसाकडे बंद पडण्याच्या दिवसाचीही तयारी हवी. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात ठप्प झाले आणि देशातलं सर्वांत नावाजलेलं रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चाललं. कागदावर चालणं हीसुद्धा आधी बसवावी लागणारी घडी आहे: छापील अर्जांचा गठ्ठा, तात्पुरत्या क्रमांकांची वेगळी मालिका, आणि यंत्रणा परत आल्यावर ते कागद कुणी, किती दिवसांत चढवायचे याचा लेखी हुकूम. क्रमांकांची मालिका वेगळी ठेवली नाही तर जुने-नवे क्रमांक एकमेकांवर चढतात आणि निस्तरायला महिने जातात.

या सगळ्यावर हल्लीचं ठरलेलं उत्तर असतं की एआय हे करील, माणसं कशाला? मोठी भाषा-मॉडेलं याद्या जोडायला मदत करतात, पहिला खर्डा झपाट्याने काढून देतात, आणि ती वापरावीत. पण ती कधीकधी अस्तित्वातच नसलेला क्रमांक छातीठोकपणे देतात. यावर तोड आहे. स्नोमेड आणि लॉइंक, दोन्हींच्या क्रमांकात शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे बरेच बनावट क्रमांक गाळणीतच अडकतात, आणि उरलेले अधिकृत सूचीशी ताडून बघता येतात. गाळणीतून सुटतो तो खरा क्रमांक, चुकीच्या जागी लावलेला. ‘पीआयडी’ हे स्त्रीरोग विभागात ओटीपोटातल्या संसर्गाचं लघुरूप आहे आणि अस्थिरोग विभागात सरकलेल्या मणक्याच्या चकतीचं. ‘नो एच/ओ डीएम’ म्हणजे मधुमेहाचा इतिहास नाही. त्यातला ‘नो’ निसटला की माणूस मधुमेही होतो. कागद कोणत्या विभागातून आला हे ज्याला माहीत आहे, त्यानेच हे तपासायचं. परदेशातलं तयार मॉडेल उचलून आणण्यातही हाच धोका. एपिकचं सेप्सिस (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) ओळखणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत वापरात होतं. २०२१मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्याच रुग्णालयाच्या नोंदींवर पडताळलं, तेव्हा सेप्सिसच्या सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना ते हुकलेलं निघालं.

उलट उदाहरण जवळचं आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग हे ग्रामीण रुग्णालय आहे. तिथल्या गरजांवर बेतून ओपनएमआरएस या मुक्त रुग्णनोंद-सॉफ्टवेअरच्या पायावर ‘बाह्मनी’ ही मुक्त प्रणाली उभी राहिली, आणि पुढे ती देशोदेशी गेली. ती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. विद्यार्थ्यांनी सरावासाठी तीच घ्यावी. रुग्णाचा बनावट प्रवास, म्हणजे नोंदणी, तपासणी, औषध, बिल, तिच्यावर अख्खा चालवून बघता येतो.

रुग्णालयांची अडचणही खोटी नाही. विद्यार्थी आले की फाइली हलतात, माहिती फुटण्याची भीती असते, आणि २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारी आणखी वाढवली आहे. तेव्हा नियम कडक असावेत: माहिती रुग्णालयाच्या संगणकावरच राहील, पेनड्राइव्ह नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तर नाहीच, नाव-पत्ता-मोबाइल काढून टाकलेली प्रतच हाताळायची. संस्थेच्या नैतिकता समितीचा अर्ज दुसऱ्या सत्रातच टाकायला हवा. सहा महिन्यांच्या प्रबंधाला तिसऱ्या सत्रात अर्ज केला की समितीची बैठक, शंका, दुरुस्ती यांत चार महिने जातात, आणि विद्यार्थी मुकाट्याने पिमाकडे वळतो. अ‍ॅरिझोनाची वाट सुरू होते ती खरी इथून.

तोंडी परीक्षाही बदलावी. परीक्षकाने विद्यार्थ्याच्या तक्त्यातल्या कोणत्याही वीस ओळी निवडाव्यात. रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्येच बसावं, आणि विद्यार्थ्याने त्या वीस ओळींचे केसपेपर फडताळातून काढून समोर ठेवावेत. कागदावर काय आहे, तक्त्यात काय आलं, मधे काय बदललं आणि कुणामुळे, हे त्याने ओळीओळीने सांगावं. जिथे रक्तदाबाचा रकाना कोरा असेल, तिथे तो का कोरा राहिला हेही सांगावं: कफ फाटलेला होता, सिस्टर दोन वॉर्ड सांभाळत होत्या, की रुग्ण न सांगताच घरी गेला होता.